कुणीच न पाहिलेलं वॉरंट

१

माझा भाऊ मबरूक नाहीसा झाला, तेव्हा त्याची नाव जागेवर होती. आमच्या बेटावर माणूस हरवला असं म्हणायला आधी त्याची नाव हरवावी लागते. त्यामुळे त्याची बायको हसना सकाळी माझ्या दारात येऊन "ताई, हे घरी नाहीत" म्हणाली, तेव्हा मी मान वर केली नाही. मी नवरीचे कपडे शिवते. हातातल्या पांढऱ्या बाहीवर शेवटची वेलबुट्टी उरली होती.

"असेल कॅफेत, पत्ते कुटत."

"पत्ते नाहीत ताई. वॉरंट निघालंय त्यांच्या नावावर."

सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब बाहीवर पडला, आणि मला आधी वाईट वाटलं ते बाहीचं. घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच आधी आडवाटेला पळतं.

हसनानं सांगितलं ते एवढंच. आदल्या दिवशी दुपारी मबरूक घरी आला, चेहरा राखेसारखा. "वॉरंट निघालंय, मला धरणार," म्हणाला. घोंगडी उचलली आणि मागच्या दारानं गेला. संध्याकाळी लस्साद आला आणि म्हणाला, "वहिनी, तो माझ्याकडे सुखरूप आहे. कुठे ते विचारू नका. जेवण मी पोचवतो." लस्साद म्हणजे मबरूकचा दूधभाऊ. आमची आई मबरूकला जन्म देऊन गेली, तेव्हा शेजारच्या झबैदा मावशीनं एका बाजूला लस्साद आणि एका बाजूला मबरूक असं दोघांना पाजलं. तो फेरीबोटीवर दोर बांधायचं काम करतो. त्याच्याकडे आहे म्हटल्यावर मला जरा धीर आला.

"आणि ताई, त्यानं ह्यांचा लोकरी कोट मागून नेला."

"सप्टेंबरात? इथे माझी वेणी घामानं भिजलीय."

"मी पण तेच म्हटलं. म्हणाला, लपायच्या जागी गारवा असतो."

वॉरंट कशाबद्दल, हे विचारायची गरज नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला तौफीकनं समुद्राचा तळ खरवडणारी, बंदी असलेली जाळी ओढत आपली मोटरबोट थेट मबरूकच्या शरफियातून नेली होती. शरफिया म्हणजे उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्या रोवून उभं केलेलं माशांचं कुंपण. आमच्या पणज्यापासूनचं. मबरूकनं भर मासळीबाजारात तौफीकच्या दंडावर वल्हं हाणलं. हाड मोडलं. तौफीक ओरडला होता, "तुला तुरुंगात सडवीन!" आणि सगळ्या बाजारानं ते ऐकलं होतं.

आता बेटावरून बाहेर पडायची वाट एकच, फेरीबोट. आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर पोलिसांची खोली. ज्याच्या नावावर वॉरंट, त्याच्यासाठी बेट म्हणजे दरवाजा नसलेलं घर.

मी समुद्रापलीकडे स्फाक्स शहरात फोन केला. गेल्या वर्षी एका वकीलबाईच्या बहिणीचा लग्नाचा पोशाख शिवला होता. उस्तादा नझीहा; वकीलबाईला आमच्याकडे उस्तादा म्हणतात. तिनं मला मध्ये बोलू दिलं नाही. "उद्या येते. तोवर त्याला म्हणावं, कुठेही पळू नकोस. ऐकलंत? कुठेही."

दुसऱ्या दिवशी मी आणि हसना दार लावून बसलो होतो. बाहेर गाडी थांबली. जड पावलं. मग दारावर थाप पडली, अशी की भिंतीवरची फोटोची चौकट हलली.

हसनानं माझं मनगट धरलं. "आले," ती ओठांनीच म्हणाली.

२

दारात उस्तादा नझीहा होती, चेहरा पुदिन्याच्या पानासारखा हिरवा.

"पाणी," ती म्हणाली. "नाही, पाणी नको. पाण्याचं नाव नको. खुर्ची द्या."

बोट लागते तिला. खुर्चीवर बसून तिनं बूट काढले आणि उन्हात ठेवले.

"अहो, हे कसे भिजले?"

"आई! मला पन्नाशी लागली तरी दारातून निघाले की मागे बादली ओतते. समुद्र ओलांडतेस, म्हणाली, नीट परत ये. लोकांच्या आया लोटाभर ओततात, आमची अंघोळ घालते. वर बोटीनं हालवलं. धक्क्यावर उतरले ती थेट पोलिसांच्या खोलीत, त्यांच्या बादलीत ओकायला. भला माणूस होता बिचारा. मी भिंतीकडे बघत बसले. फुटबॉलच्या संघाचं कॅलेंडर, भरती-ओहोटीचं कोष्टक आणि डब्यात लावलेला जिरेनियम. पाठ झालंय मला."

मी बळेच लिंबाची फोड तिच्या हातात दिली. ती चोखत तिनं हसनाला जवळ बसवलं.

"हे बघ पोरी, आधी तीन गोष्टी. वॉरंट म्हणजे शिक्षा नव्हे. न्यायाधीशानं पोलिसांना सांगितलेलं असतं, या माणसाला माझ्यासमोर आणा. बस. दुसरं, ते खरंच असलं तर पळायचं नाही, झटापट करायची नाही, आणि वकील येईपर्यंत नाव-गावापलीकडे बोलायचं नाही, सही तर मुळीच नाही. उलट आपणच वकिलाला घेऊन जायचं, कामाच्या दिवशी, सकाळी. सुट्टीच्या आदल्या दिवशी धरला गेला तर सुट्टी कोठडीत जाते. आपण होऊन आलेल्या माणसाकडे न्यायाधीश एका नजरेनं बघतो, आणि फरफटत आणलेल्याकडे दुसऱ्या."

"आणि तिसरं?" मी विचारलं.

"तिसरं सगळ्यात सोपं. ते आहे का ते बघायचं. कुणी पाहिलंय?"

हसना माझ्याकडे बघू लागली. मी हसनाकडे.

"कागद पाहिलाय? पोलीस घरी आले? शेजारी विचारून गेले?"

"नाही, पण सगळं गाव म्हणतंय."

"गाव तर माझ्याबद्दलही म्हणतं की मी नवऱ्याला हाकललं. तो स्वतःच गेला," नझीहा म्हणाली. "काल मी कोर्टात विचारलं. मबरूकच्या नावावर तौफीकची तक्रार आहे, चौकशी चालू आहे. वॉरंट मला दिसलं नाही. पण कालची गोष्ट कालची. आज निघालं नसेल अशी शपथ मी घेणार नाही."

ते शेवटचं वाक्य तिनं उगाच म्हटलं असं मला वाटलं. हसनाच्या गालावरचा रंग आला तसा गेला.

"आता मला तीन माणसं दाखवा," नझीहा बूट चढवत म्हणाली. "एक, ज्याला मबरूक आत जायला हवाय. दुसरा, ज्याच्या हातून सरकारी कागद येतात. तिसरा, ज्याला तो कुठे आहे ते ठाऊक आहे. या तिघांतल्या कुणीतरी हे बी पेरलंय."

३

तौफीक बोटीवर बसून डाव्या हातानं टॉमॅटोची तिखट भाजी खात होता. उजवा गळ्यात बांधलेला. आम्हाला बघून त्यानं पावाचा तुकडा वाटीत आपटला.

"आली! भावाला माफ कर म्हणायला आली असशील. नाही करणार."

"वॉरंट तू काढवलंस?" मी विचारलं.

"मी काढवलं? मी काय न्यायाधीश आहे? मी तक्रार केली. पोलीस म्हणाले, दोघांना बोलावू, समोरासमोर विचारू. मी कधीची वाट बघतोय! त्यानं माझ्यासमोर उभं राहून म्हणायला हवं, होय, मी मारलं. आणि आता ऐकतो तर गडी पळाला. पळाला तर माझा हात काय हवेनं मोडला?"

"वॉरंटचं तुला कुणी सांगितलं?"

"बेकरीवाल्यानं. त्याला ओमदानं. मला आनंद झाला असेल असं वाटतं ना? अगं नजिया, मी पण त्याच पाण्यात मासे धरतो. माणसाला धरायला पोलीस बेटावर आले तर आधी माझी जाळी मोजतील."

तो खोटं बोलत नव्हता. तौफीक खोटं बोलतो तेव्हा आवाज खाली आणतो. आता तो नुसता बोंबलत होता.

ओमदा रेझगी म्हणजे सरकारचा गावातला माणूस. दाखला हवा तर त्याच्याकडे, नोटीस आली तरी त्याच्याच हातून. त्याच्या जावयाचा आमच्या शरफियाच्या जागेवर डोळा होता, हे मी नझीहाला वाटेतच सांगितलं. ओमदानं आम्हाला पुदिन्याचा चहा दिला, त्यात बदाम टाकले आणि आवाज मधात बुडवला.

"वाईट झालं हो. मबरूक तसा चांगला पोरगा. पण वॉरंट म्हणजे वॉरंट."

"तुम्ही पाहिलंत?" नझीहानं विचारलं.

"मी? छे. बेकरीवाल्यानं सांगितलं."

"बेकरीवाला म्हणतो, तुम्ही सांगितलंत."

ओमदाचा चहा घशात अडकला. "म्हणजे, त्यानं विचारलं, खरं का? मी म्हटलं, असेलही. माझ्या खात्यातलं काही मला ठाऊक नाही असं कसं म्हणणार?"

मला हसू आलं असतं, पण पळाला होता तो माझा भाऊ. सगळा गाव ज्या गोष्टीनं थरथरत होता, ती एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल गोल फिरत होती.

"मबरूकसाठी दुसरं काही आलंय?" नझीहानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आलंय ना. साधं बोलावणं. चौकशीला हजर राहा म्हणून. पण वॉरंट निघाल्यावर बोलावण्याला काय किंमत? म्हणून मी ते खणात..."

नझीहा उभी राहिली. चहाचा पेला कलंडला.

"अहो, आधी बोलावतात! बोलावून आला नाही, तर मग धरून आणायचा हुकूम निघतो. बोलावणं तुमच्या खणात आहे याचाच अर्थ अजून कुणी त्याला धरायला निघालेलं नाही! तारीख कधीची आहे?"

ओमदानं खण उघडला, चष्मा शोधला, चष्मा डोक्यावरच होता.

"उद्याची," तो म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर नझीहानं माझा दंड धरला. "नजियाबाई, उद्या सकाळच्या फेरीनं तो माझ्याबरोबर आला नाही, तर आज जे खोटं आहे ते उद्या खरं होईल. ज्यानं हे पेरलं त्याला तारीख ठाऊक असो वा नसो, आपल्याकडे एकच दिवस आहे."

४

झबैदा मावशीचं घर माझ्या घरामागे. लस्साद जेवत होता. गव्हाचा भरड भात, वर ऑक्टोपसचे तुकडे, आणि ते सगळे तुकडे मावशीनं त्याच्याच बाजूला सारलेले. मावशी बोलत नव्हती. एरवी तिचं तोंड थांबत नाही; मला बघितलं की "अजून दुसरा नवरा मिळाला नाही का तुला?" हे ठरलेलं. आज नुसती त्याच्या ताटाकडे बघत होती.

"लस्साद, मबरूककडे ने मला," मी म्हटलं. "वकीलबाई आल्यात."

"ताई, जितक्या कमी लोकांना ठाऊक तितकं बरं. तुझ्यामागे कुणी आलं तर?"

"वॉरंटची बातमी त्याला कुणी दिली?" नझीहानं विचारलं.

"काय ठाऊक? मला मबरूकनंच सांगितलं. पळत आला, म्हणाला, लपव मला. दूधभाऊ आहे माझा. विचारत बसू?"

"पण खात्री आहे का ती?"

"खात्री?" लस्साद कडू हसला. "उस्तादा, मी रोज त्या धक्क्यावर असतो. पोलिसांच्या खोलीत त्याचा फोटो लावलाय भिंतीवर. आत पाऊल टाकलं की समोरच. या डोळ्यांनी बघतो मी. तो फेरीवर चढला की संपला."

मी नझीहाकडे पाहिलं. ती लिंबाची फोड चोखल्यासारखं तोंड करून बसून राहिली.

लस्सादनं हात धुतले. "आई, कॅफेत जाऊन येतो."

"ये," मावशी म्हणाली. एवढंच. तो दरवाजातून गेला तशी तीही उठून त्याच्या मागे ओसरीपर्यंत गेली.

ती परतल्यावर नझीहानं पाणी मागितलं. मावशीनं अर्धाच पेला आणून दिला आणि ओशाळली. "पोरी, रागावू नको. टाक्याचा तळ दिसायला लागलाय. अजून पाऊस नाही. आम्ही तोंडसुद्धा ओल्या फडक्यानं पुसतो."

आम्ही निघालो. उंबऱ्यावर नझीहाचा पाय सरकला. मी तिला सावरलं. खाली पाहिलं तर उंबरा ओला, पायरी ओली, आणि पुढे धुळीत पाण्याची लांब जीभ गेलेली. ओसरीच्या कोपऱ्यात रिकामा लोटा.

पाहुणीला अर्धा पेला, आणि दारात लोटाभर.

नझीहा आपल्या बुटाकडे बघत राहिली. तिचे बूट आज दुसऱ्यांदा भिजले होते.

"कॅफेत जातो म्हणाला ना?" ती हळूच म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. झबैदा मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माझी नजर भिडली तशी तिनं ओढणी तोंडावर घेतली.

५

कॅफेत जाणाऱ्याच्या मागे कुणी पाणी ओतत नाही. समुद्र ओलांडणाऱ्याच्या मागे ओततात. पण लस्साद फेरीबोटीवर रोज समुद्र ओलांडतो, आणि रोज मावशी चुलीपाशीच असते. हा समुद्र दुसरा होता.

"उत्तरेचा," मी म्हटलं. "इटलीचा."

तौफीकची मालवाहू गाडी मी अक्षरशः हिसकावून घेतली. तौफीकच चालवत होता, एका हातानं, आणि मोडलेला हात कुणी मोडला हे दर खड्ड्याला सांगत होता. मी नझीहाला ओरडून सांगत होते, कारण इंजिनाचा आवाज मोठा. गेल्या वर्षी लस्साद मबरूकला म्हणाला होता, चल निघू. मबरूकनं उडवून लावलं होतं. हसना, पोरगी, शरफिया सोडून कुठे जायचं? आणि बेटाच्या उत्तरेला पाणी गुडघाभर, मैलोन्‌मैल. खाली घळी आहेत, त्यांतूनच बोट जाते. दिवा न लावता त्या घळीतून बोट काढणारी माणसं आमच्यात उरलीत किती? शरफिया रोवणाऱ्या घराण्यांतली. मबरूकसारखी.

"म्हणजे लस्सादला मबरूकला पकडवायचं नव्हतंच," नझीहा गाडीचा कठडा धरून म्हणाली. "दक्षिणेचं, फेरीचं दार बंद केलं की माणूस उत्तरेच्या दारानं जातो. ओमदाला जमीन हवी, तौफीकला शिक्षा हवी. दोघांनाही मबरूक कोर्टात यायला हवा. तो कोर्टात येऊ नये असं वाटणारा एकच."

"कोट!" मी म्हटलं. "लोकरी कोट. उघड्या समुद्रावर रात्री थंडी वाजते."

"आणि फोटो. मी त्या भिंतीसमोर बादली धरून बसले होते. तिथे अकरा फुटबॉलवाले आणि एक जिरेनियम. मबरूक त्यांतला नसावा."

मला हसू आलं आणि लगेच रडू. गेल्या हिवाळ्यात असेच काहीजण उत्तरेला निघाले होते. त्यांच्यातल्या एकाचा बूट तौफीकच्या जाळ्यात आला होता. तौफीकनं ते तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता गाडी चालवता चालवता सांगितलं, आणि नंतर खड्ड्यांबद्दल एक शब्द बोलला नाही.

उत्तर टोकाला आमच्या वडिलांची झावळ्यांची झोपडी आहे. दोन दिवस मी मबरूकला पोलिसांपासून लपणारा म्हणून मनातल्या मनात खजुरीच्या बागांत शोधत होते. उत्तरेला निघणारा म्हणून विचार केला असता तर डोळे मिटून तिथे गेले असते.

ऊन कलत होतं. झोपडीमागे अनोळखी माणसं बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, एक बाई तान्ह्यासकट. पाण्यात एक रंग उडालेली बोट. मबरूक लोकरी कोट घालून बोटीच्या टोकाशी उभा होता. घामानं निथळत होता तरी दात वाजत होते.

"ताई, जवळ येऊ नकोस! तुझ्यामागे ते येतील!"

"कोण येतील रे? हा तौफीक आलाय. त्याला भितोस?"

"त्याला नाही. ताई, मला कोंडतील. दार बंद केलं की माझा श्वास जातो, तुला ठाऊक आहे. लहानपणी टाक्यात पडलो होतो तेव्हापासून."

मला ठाऊक होतं. आणि लस्सादलाही ठाऊक होतं. तोच तेव्हा टाक्यात दोर टाकून त्याच्यासाठी उतरला होता.

नझीहा पाण्यात शिरली, बुटांसकट. "मबरूक, वॉरंटचं तुला कुणी सांगितलं?"

"लस्सादनं. कुणी म्हणजे? तोच तर धक्क्यावर असतो."

सगळ्यांच्या माना लस्सादकडे वळल्या. तो बोटीत इंधनाचा डबा ठेवत होता.

"दुपारी तू म्हणालास, मबरूकनं तुला सांगितलं," नझीहा म्हणाली. "तो म्हणतो, तू त्याला. दोघांनी एकमेकांना सांगितलं, तर पहिल्यांदा कुणाला कळलं?"

"बाई, तुम्ही शहरातल्या, तुम्हाला..."

"फोटो भिंतीवर नाही. मी बघितलंय. वॉरंट नाही. उद्याचं साधं बोलावणं आहे. गेला, बोलला, परत आला. नाही गेला, तर मात्र तू जे म्हणालास ते होईल, आणि मग खरंच कोंडतील. शिवाय बोटीचं सुकाणू याच्या हातात सापडलं तर माणसं चोरून परदेशी नेल्याचा गुन्हा. त्याचं वॉरंट मात्र नक्की निघतं, लस्साद."

मबरूक लस्सादकडे बघत होता. "खोटं आहे ना? सांग तिला."

लस्साद हसायचा प्रयत्न करत होता. "मबरूक, दोघं मिळून जाऊ म्हटलं होतं आपण. या बाईच्या गप्पांवर..."

लस्साद अजून मबरूकला बोटीत चढवू शकला असता. मबरूकचा एक पाय कडेवर होताच. चाळीस वर्षांचा विश्वास एका वकिलाच्या बोलण्यानं मोडत नाही. मी म्हटलं,

"लस्साद, मावशीनं पाणी का ओतलं?"

"काय?"

"तू दारातून निघालास आणि तिनं लोटाभर पाणी ओतलं. टाक्याचा तळ दिसतोय. पाहुणीला अर्धा पेला दिला. तुझ्यामागे लोटा रिकामा केला."

त्याचा हात डब्यावरून निसटला. "मी तिला काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "एक शब्द नाही. मी कॅफेत जातो म्हटलं."

"हो. आणि ती 'ये' म्हणाली."

तो बोटीच्या कडेवर बसला. मग तो कुणाकडेही न बघता बोलला. "हा नसेल तर आम्ही पहिल्याच घळीच्या तोंडाशी रुतू. ह्याला नुसतं विचारलं तर नाही म्हणायचा. ह्याला घाबरवल्याशिवाय..."

मबरूकनं कोट काढला. अंगातून ओढून काढला, जणू तो कुणीतरी त्याच्या अंगावर शिवला होता. तो माझ्याकडे चालत आला आणि लहानपणी टाक्यातून वर काढल्यावर धरली होती तशी माझी बाही धरून उभा राहिला.

झोपडीमागच्या बाईनं तान्ह्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पिशवी उचलून रस्त्याकडे चालू लागली. तिच्यामागे एकेक जण उठले. सुकाणू धरणारा नसेल तर बोट म्हणजे पाण्यावरची लाकडं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

६

सकाळी धक्क्यावर मबरूक उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि शर्टातून त्याचं काळीज उडताना दिसत होतं. खोलीच्या खिडकीतून पोलिसानं ओळखपत्र घेतलं. काहीतरी दाबलं. थांबला. पुन्हा दाबलं. आत गेला.

"ताई," मबरूक पुटपुटला.

"हलू नकोस," नझीहा म्हणाली. तीही पांढरी पडली होती, पण ती बोटीकडे बघून. निदान मी तसं धरून चालले. "मी शपथ घेणार नाही" हे तिचं वाक्य माझ्या कानात घोंघावत होतं. बोलावणं खणात पडून होतं, म्हणजे काल वॉरंट नव्हतं. पण आज? लोखंडी दार उघडं होतं आणि आतलं अंधारं दिसत होतं. मबरूकही तिकडेच बघत होता. त्याचा श्वास तुटायला लागला. एक पाऊल मागे. आणखी एक. पळाला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

मागून दणकट आवाज आला. "ए, रस्ता अडवू नको! मलाही त्याच कामाला जायचंय!"

तौफीक. गळ्यात हात, अंगात लग्नाचा सूट. फिर्यादी आणि आरोपी, दोघांना फेरी एकच.

"हात बांधलाय, बसायची जागा मी पकडणार," तो मबरूकला म्हणाला. "तू उभा राहा. उभा राहायची सवय कर, न्यायाधीशासमोर बसू देत नाहीत."

"तुझी बोट माझ्या शरफियातून गेली, तेव्हा तू पण बसलेलाच होतास," मबरूक म्हणाला. त्याचा श्वास परत आला होता, रागावर बसून.

पोलीस बाहेर आला. ओळखपत्र मबरूकच्या हातात ठेवलं. "नाव लांबलचक आहे तुझं, यंत्र अडकतं. चला, पुढे व्हा. आणि या बाईंना कडेला उभं करा, मागच्या वेळी माझी बादली गेली."

एवढंच होतं ते. दोन दिवस ज्याच्यासाठी माझा भाऊ मेल्यासारखा झाला होता, ते एवढंच.

मी पिशवीतून बाटली काढली आणि तो फळीवर चढला तसं त्याच्यामागे पाणी ओतलं. बोटीच्या दोरापाशी लस्साद उभा होता. कामावर आला होता. रात्रभर झोपला नसावा. मबरूक त्याच्याजवळून पुढे गेला. मग दोन पावलं मागे आला.

"दोर नीट बांध संध्याकाळी," तो म्हणाला. "मी याच बोटीनं येणार आहे."

लस्सादनं मान हलवली. दोर सोडताना त्याचे हात चुकत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चुकले असतील. फेरी सुटताना तो उडी मारून चढला, रोजच्यासारखा.

दिवसभर मी एक टाका घातला नाही. बाहीवरचा डाग धुवायचा होता, तोही धुतला नाही. संध्याकाळी बोट लागली. न्यायाधीशानं दोघांचं ऐकलं होतं, मबरूकनं मारल्याचं कबूल केलं होतं, पुढची तारीख पडली होती आणि तोवर त्याला मोकळं सोडलं होतं. शिक्षा होईल, काय होईल ते पुढे. नझीहा म्हणते, भरपाई आणि समज. तौफीक म्हणतो, फाशी. पण आज तो जमिनीवर उतरला आणि हसनाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा उभा राहिला.

लस्सादवर तक्रार करायची का, हे नझीहानं विचारलं होतं. मबरूकनं अजून उत्तर दिलेलं नाही. मीही विचारत नाही. त्या बाईच्या खांद्यावरचं तान्हं आठवतं आणि मला राग कुणावर धरायचा ते कळेनासं होतं.

घरी परतताना मी मागच्या गल्लीतून गेले. झबैदा मावशी उंबऱ्यावर बसली होती. पाणी कधीच वाळलं होतं. धुळीत नुसता काळसर पट्टा उरला होता आणि ती त्याच्यावर पाय न ठेवता, बाजूला पाय घेऊन बसली होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या नवऱ्याचं विचारलं नाही.

"आला?"

"आला, मावशी."

"एकटा?"

"दोघंही," मी म्हटलं. "लस्साद दोर बांधतोय. येईलच."

ती उठली. शेजारचा लोटा उचलला, झटकला, पालथा घातला आणि जेवण गरम करायला आत गेली.